अफसानाच्या पोटावरचा पट्टा

मित्रांनो, माझं रबर आता सैल पडलं आहे आणि चिकटपट्टीत कापसाचे तंतू अडकले आहेत. पोटाला बांधायचा मी एक जुना पट्टा. वसमतच्या एका घरात खुंटीला टांगलेला आहे. फार थकलो आहे, पण अफसानाची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यात शिवून झाल्यावर मी मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यासमोरच्या दुकानात आलो. तिथे खतीजाबींनी मला आपल्या लेकीसाठी, अफसानासाठी घेतलं. अफसानाचे वडील इस्माईल गाद्या भरायचे. त्यांचं यकृत निकामी झालं, तेव्हा अफसानाने आपल्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग त्यांना दिला. डॉक्टरांनी तिचं पोट मोठं फाडलं नाही. पाच लहान छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं आत घातली आणि ओटीपोटावरच्या छोट्या छेदातून तो भाग बाहेर काढला.

"उरलेलं यकृत वाढेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तीन महिने जड उचलायचं नाही. जखम बाहेरून लहान दिसते, आतून लहान नाही."

दीड महिन्याने सगळे घरी परतले. इस्माईलना वेगळी खोली मिळाली. कापसाच्या धुळीत जायची त्यांना सक्त मनाई होती. भेटायला येणारे दारातूनच म्हणत, "पोरीनं बापाला काळीज काढून दिलं!" त्यावर खतीजाबी कौतुकाने सांगत, "आन नुसती पाच भोकं बघा. काहीच तकलीफ न्हाई तिला."

अफसाना हसायची. त्या हसण्याची ओढ पोटाला बसे, ती फक्त मला कळे. भाकरी थापताना ती दोनदा भिंतीला टेकायची. कुणी विचारत नव्हतं, ती सांगत नव्हती. आठवड्याभरात तिने वडिलांचं गाद्यांचं दुकान उघडलं. मी दिवसभर तिचं पोट आवळून धरी, घामाने भिजे, आणि धुतल्यावर ओलाच पुन्हा बांधला जाई.

एके सकाळी अमृतराव लेकीच्या लग्नाची गादी न्यायला आले. "बाई, एक टोक धर. टेम्पोत टाकू."

अफसाना वाकली. तिने टोक उचललं आणि मी चर्रकन सुटलो. ती कापसाच्या ढिगावरच बसली. ओटीपोटावरच्या छेदापाशी लिंबाएवढा फुगवटा आला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आतली शिवण उसवली. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

घरी आल्यावर इस्माईल तोंडाला मास्क लावून तिच्या बाजेपाशी आले.

"बेटा, दुखतंय का?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"व्हय, अब्बा."

"मग काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी बरे होऊन राहिलेत. मधीच माझं काय सांगायचं? लई थकले, अब्बा."

भिंतीचा आधार घेत इस्माईल बाहेर गेले आणि स्वतःच्या हाताने दुकानाला कुलूप घातलं. खतीजाबी लेकीचे पाय चेपत बसल्या. दुसऱ्या दिवशी कुणी भेटायला आलं, तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "आमच्या घरात दोघं आजारी हायेत. आधी लेकीला विचारा."

मित्रांनो, मी जखम बांधू शकतो, थकवा बांधू शकत नाही. तुमच्या घरात कुणी असं आपलं काही देऊन आलं असेल, तर टाके मोजत बसू नका. त्याच्या हातातलं ओझं काढून घ्या आणि कसं वाटतंय ते विचारा.