तिसऱ्या टेबलावरची पिपेट

लॅबमध्ये साफसफाईला असलेल्या मावशींनी धुतलेल्या परीक्षानळ्या उपड्या घातल्या आणि तिसऱ्या टेबलाकडे पाहिलं. नातीच्या हातातली पिपेट हिवताप भरल्यासारखी थडथडत होती.

जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल एकदा गेलंच होतं. आजही गेलं तर शिक्षण बंद, असं तिच्या बापानं बजावलं होतं. आणि तो हट्टात आईवरच, म्हणजे मावशींवरच गेला होता.

परीक्षकबाई खिडकीशी काही लिहीत होत्या. बादली उचलायच्या निमित्तानं मावशी टेबलाशी वाकल्या.

"काय गं, दातखिळी बसली?"

"आजी, जा ना. हे दहापट पातळ करायचंय. जमत नाहीये."

"केमिस्ट्रीत तर डोळे मिटून करतेस!"

"ते वेगळं, हे वेगळं."

"विषय वेगळा. हात काय उसने आणलेस? केमिस्ट्रीच समज अन् हो मोकळी."

नातीनं श्वास सोडला. खांदे उतरले, बोटं स्थिरावली. चार बुकं शिकलेल्यांना जमलं नाही ते आपण एका वाक्यात केलं, अशा ऐटीत मावशी बेसिनकडे निघाल्या आणि सहज वळून पाहतात तर जागीच थबकल्या.

पिपेट नळीत बुडवलेली. ओढून घ्यायचा रबरी फुगा टेबलावर तसाच. आणि पोरगी पिपेटच्या वरच्या टोकाकडे ओठ नेत होती.

केमिस्ट्रीच्या लॅबमधले फुगे कायम फाटके. पोरं सर्रास तोंडानं ओढायची. तिथे फार तर तोंड खारट व्हायचं. इथल्या नळीत मुद्दाम वाढवलेले जंतू होते.

ओरडावं तर कॉपी पुरवल्याचा ठपका. पोरीचं वर्ष, स्वतःची नोकरी, दोन्ही जाणार. पण उभ्या जन्मात कुणापुढे न अडलेली मावशींची जीभ आताही अडली नाही.

"अगं ए, तोंड लावू नकोस!"

पिपेट खाली आली. साऱ्या माना वळल्या.

"आजी..."

"आजी?" परीक्षकबाई उठून आल्या.

"नात आहे माझी. केमिस्ट्रीसारखं कर म्हणून मीच सांगितलं. चुकलं माझं."

बाईंनी पिपेट पाहिली, फुगा पाहिला.

"इथवरचे मार्क मिळणार नाहीत. मावशी, तुम्ही बाहेर व्हा. तू पुढचं कर."

मावशी दाराच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. नातीनं फुगा चढवला. हात पुन्हा थडथडू लागले होते. पण आता दर थेंबाला ती थांबत होती, नळीकडे बघत होती.

"थडथडू देत, जपून तरी करतेय," मावशी काचेला म्हणाल्या.