एस. बी. हावळ नक्की कोण?

रविवारी सकाळी सातला वर्तमानपत्र दारात पडले आणि आठच्या आत रुक्माबाई हावळांनी बेळगावच्या वडगावातल्या आपल्या बोळातील सव्वीस घरांत पेढे पोहोचते केले. बातमी चौथ्या पानावर, जेमतेम चार ओळींची होती. कर्नाटक राज्याच्या विणकर सल्लागार समितीवर वडगावचे श्री. एस. बी. हावळ यांची नियुक्ती झाली होती. रुक्माबाईंना तेवढे पुरेसे होते. एस म्हणजे सुबराव, बी म्हणजे भरमू, आणि कैलासवासी भरमू हावळांचा थोरला मुलगा सुबराव त्यांच्याच पोटचा. वीस वर्षे त्याने पक्षाच्या सभांत खुर्च्या मांडल्या होत्या. उशिरा का होईना, कुणाचे तरी डोळे उघडले होते.

सुबराव मात्र डोके पुसत न्हाणीतून बाहेर आला तो गोंधळलेलाच.

"आई, मला कुणाचा फोन आला न्हाय."

"सरकारचा फोन येत न्हाय, पत्र येतंय. इस्त्रीचा सदरा काढ."

सदरा निघाला. इतक्यात समोरच्या घराची पायरी उतरून त्यांची धाकटी जाऊ गुणाबाई आली. तिच्या एका हातात तेच वर्तमानपत्र होते आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, रुक्माबाईंच्या पुड्याहून मोठा.

"आक्का, तोंड गोड करा. आमच्या समर्थची निवड झाली."

"कुणाची?"

"समर्थ बाळकृष्ण हावळ. एस बी. पोरगं शिकलंय. सरकारला आता शिकलेलीच लागत्यात."

"तुझ्या समर्थला मागावर धोटा कुठल्या हातानं टाकत्यात ते ठावं हाय का गं?"

"आणि तुमच्या सुबरावांनी शेवटचा कवा टाकला, आक्का?"

बोळातली सगळी दारे उघडली. त्यातच बोळातल्या मंडळाचे ज्योतिबा येऊन उभे राहिले. पाच वाजता देवळात सत्कार ठरला होता आणि फलकावर नाव लिहिणारा पेंटर रंग कालवून बसला होता. कुणाचे नाव घालायचे? रुक्माबाईंनी सभोवार पाहिले. त्या देवळात त्यांच्या आधी कुणी आरतीचे ताट उचलत नसे. तिथेच आज साऱ्या वडगावासमोर पेढे परत घेण्याची वेळ आली तर? व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक साडीची घडी मोडून, उलट्या बाजूचे धागे निरखल्याशिवाय त्यांनी पन्नास वर्षांत एक साडी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. बातमी मात्र त्यांनी घडी न मोडताच वाटून टाकली होती.

"पेंटरला थांबायला सांगा," त्या म्हणाल्या. "तीन वाजेपर्यंत नाव मी देईन. गुणा, तूही आत ये. डोळ्यांदेखत होऊ दे सगळं. आरोही!"

आरोही ही धाकट्या मुलाची, भावकूची लेक. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होती. ती लॅपटॉप घेऊन सोप्यात बसली. एका अंगाला आजी, दुसऱ्या अंगाला गुणाआजी. मागच्या खोलीत तिची आई सोनाबाई हातमागावर बसली होती. तिच्या मागाची खटखट नेहमीसारखी चालू होती.

"हे बघ आजी, आणखी तीन ठिकाणी हीच बातमी आहे."

"झालं तर मग! चार साक्षी," गुणाबाई म्हणाली.

"वाचून दाखव," रुक्माबाईंनी फर्मावले.

आरोहीने वाचले. चारही ठिकाणी शब्दाला शब्द तोच.

"ह्या चार साक्षी न्हाईत. चौघींनी एकाच चुलीतला विस्तव नेलाय. चूल कुठं हाय ते काढ."

आरोहीने आजीकडे पाहिले. ग्रंथालयात विद्यार्थ्यांना हीच गोष्ट समजावताना तिचा अर्धा तास जाई. तिने खात्याच्या संकेतस्थळावरचा मूळ आदेश शोधून काढला. तो कन्नडमध्ये होता. रुक्माबाईंना कन्नड फडाफडा बोलता येई, वाचता येत नसे, म्हणून आरोहीने बोट ठेवून वाचले. एस. बी. हावळ, वडगाव. नावापुढे श्री नाही, श्रीमती नाही, वय नाही. पुढच्या रकान्यात एकच शब्द होता, 'कैमग्ग'.

"हातमाग!" रुक्माबाईंचा आवाज जरा उतरला. सुबरावाने हातमाग मोडून यंत्रमाग घातले त्याला नऊ वर्षे झाली होती.

"आमच्यात हातमाग हाय," गुणाबाई घाईने म्हणाली.

"कुठं?"

"माळ्यावर."

"त्यावर कोण इणतंय? कोळी?"

सुबराव हसला, तशी दोघींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो सदऱ्याची बटणे लावू लागला.

आदेशाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक संदर्भ होता. फेब्रुवारीत बेळगावात विणकरांची जनसुनावणी झाली होती आणि तिथे बोललेल्यांतूनच ही नावे निवडली होती. आरोहीने तारीख कागदावर टिपली आणि सुबरावाकडे वळली.

"थोरले आप्पा, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"मला काय आठवतंय?"

"फेसबुकला आठवतंय." तिने त्याचेच पान उघडले. त्याच तारखेला सुबराव तिकडे सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर पक्षाच्या आंदोलनात होता. हातात फलक, गळ्यात पंचा. समर्थही त्याच दिवशी मित्राच्या लग्नासाठी गोव्यात होता. समुद्रकाठचे सतरा फोटो होते आणि सतराही फोटोंत गॉगल.

गुणाबाईने पुडा हळूच पदराआड घेतला. "मग ह्यो तिसरा कोण मेला?"

"खात्यानं सुनावणीचा व्हिडिओ टाकलाय. तीन तासांचा आहे."

"लाव. पळवू नकोस," रुक्माबाई म्हणाल्या.

एक तास गेला. चहा झाला. ज्योतिबा दोनदा डोकावून गेले. मग पडद्यावर कुणीतरी कन्नडमध्ये 'एस. बी. हावळ' असा पुकारा केला आणि डोक्यावरचा पदर सावरत एक बाई माईकपाशी आली.

मागच्या खोलीतली खटखट थांबली.

"साहेब, मी सोनाबाई भावकू हावळ," पडद्यावरची बाई खणखणीत कन्नडमध्ये सांगत होती. "यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून विकली जाते. तुमचे अधिकारी दुकानात बसून तपासणी करतात. आमच्या घरात येऊन मागाला हात लावून बघा, मग शिक्का मारा."

सभागृहात टाळ्या पडल्या. सोप्यात सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सोनाबाई दारात येऊन उभी राहिली होती, बोटांना सुताचा रंग लागलेला.

"आत्ती, नंदगडला मावशीकडं जाते म्हणून सांगून गेलते. चुकलं माझं."

"एकटी गेलतीस?"

कोपऱ्यातून भावकू खाकरला. "स्कूटरवर मीच सोडलो."

"आणि सकाळधरनं तोंड शिवून बसलास व्हय रं?"

"तू पेढे वाटत होतीस, आई. कोण मधी बोलणार?"

रुक्माबाईंनी आरोहीला पुन्हा व्हिडिओ लावायला सांगितला. तो पाहून झाल्यावर सुनावणीचे छापील इतिवृत्त शोधायला लावले. त्यात तेराव्या क्रमांकावर पूर्ण नाव होते आणि बोलणेही तेच. तेव्हा कुठे त्या मागे रेलल्या आणि मोठ्याने हसू लागल्या. इतक्या की गुणाबाईलाही हसू आवरेना.

"हावळांच्या घरातनं पेढे गेले, एवढं तरी खरं ठरलं! गुणा, तो पुडा काढ बाहेर, लपवू नकोस. सुबराव, पेंटरकडं जा. पूर्ण नाव सांग, सोनाबाई भावकू हावळ. नुसती अक्षरं घालू नको म्हणावं. आणि त्या पेपरवाल्यांना फोन लाव, दुरुस्ती छापा म्हणून. कुठं काय लिहिलंय ते आरोही सांगेल."

सुबराव उठला. वीस वर्षांच्या खुर्च्या त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेल्या असाव्यात. मग तो भावजयीला म्हणाला, "सोनाबाई, लई झ्याक बोललीस. आमच्या सभेत इतक्या टाळ्या कुणाला पडल्या न्हाईत." आणि चपला घालून तो खरोखरच धावत गेला.

सोनाबाई अजून दारातच होती. सासूने तिला आपल्याजवळ, गुणाबाईला सरकवून केलेल्या जागेवर बसवले.

"बोललीस बरं. पण अर्धंच बोललीस. जरीच्या भेसळीचं का न्हाय काढलंस?"

"तीनच मिनिटं होती, आत्ती."

"आणि रंगाचं?" गुणाबाई म्हणाली. "पहिल्या धुण्यात उतरतंय त्याचं?"

"ते राहिलं."

"आता काय राहू द्यायचं न्हाय. आरोही, तो कागद उलटा कर. पहिल्या बैठकीला तुझी आई काय काय बोलणार ते लिहून घे," रुक्माबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी जरीपासून सुरुवात केली.