दर्यात हाय

मला एका जागी बसता येत नाही, हा माझा जुना रोग. त्या रविवारी तर सकाळपासून मी पालघरजवळच्या माहीमच्या शाळेच्या पटांगणात नुसता भिरभिरत होतो. मांडलेल्या खुर्च्या पुन्हा मांडल्या, तीनदा पाणी प्यायलो, माइकवाल्याशी विनाकारण हुज्जत घातली. खिशात यादी होती आणि यादीत मी लिहिलेला एक शब्द होता. तो आता कर्ण्यातून साऱ्या कोळीवाड्याला ऐकू जाणार होता.

मी जालन्याकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा स्टोअरकीपर म्हणून आलो, बोईसरला खोली घेतली आणि रविवार खायला उठतो म्हणून पालघरच्या सेवा क्लबचा चिटणीस झालो. चिटणीस म्हणजे सतरंज्या झटकणारा, हे नंतर कळलं. आमचे अध्यक्ष रामकिसनशेठ, भाताच्या गिरणीचे मालक. आईच्या स्मरणार्थ शिलाई मशीन द्यायचं त्यांनी ठरवलं. अट एकच, ते गरजू विधवेलाच मिळावं. त्यांची आई विधवा होती आणि लोकांचे कपडे शिवून तिनं शेठना वाढवलं होतं.

गरजू कोण ते पाहायला मी माहीमच्या कोळीवाड्यात दारोदार फिरलो. एका घरी हंसा ओट्यावर बोंबील निवडत बसली होती, बाजूला तिची सासू नवसीबाई. नवरा काय करतो, असं मी विचारलं. "दर्यात हाय," हंसा म्हणाली. मी लिहिलं, 'मासेमारी'. शेजारच्या घरी खरं कळलं. गणपतीनंतरच्या वादळात तिच्या नवऱ्याची, महादूची बोट बुडाली, त्याला आठ महिने झाले. बोटीवरच्या दोघांची प्रेतं केळव्याला लागली, महादूचं नाही. इथली रीत अशी, प्रेत सापडत नाही तोवर माणूस गेला म्हणायचं नाही, दर्यात हाय म्हणायचं. मी तिथल्या तिथे 'मासेमारी' खोडून 'विधवा' लिहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आलो. गाढव कुठला.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी हंसानं मला पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. यादीत काय लिहिलंय ते तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, मशीन मला पायजे," ती हळू आवाजात म्हणाली. "काय झालंय ते मला ठावं हाय. पन म्हातारी पुढं येऊन बसलीय. रोज त्याचं ताट वाढते ती. तो शबुद तिच्या कानावर नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच शेठकडे गेलो, एका दमात सगळं सांगितलं. तो शब्द वाचू नका, नुसतं नाव घ्या, अशी गळ घातली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हताच.

"चिटणीस, माझी आई विधवाच होती," ते म्हणाले. "त्या शब्दाची लाज वाटायला लागली, तर मी हे मशीन देतोय कुणाच्या नावानं?"

मी यादी पुन्हा खिशात घातली.

हारतुरे झाले, वह्यावाटप झालं, भाषणं काही संपेनात. मी व्यासपीठाच्या कडेला या पायावरून त्या पायावर करत उभा. पहिल्या ओळीत नवसीबाई धुतलेलं लुगडं नेसून, पदर नीट घेऊन बसली होती. अखेर शेठनी यादी हातात घेतली, चष्मा चढवला. एवढ्यात मला फोटोवाला दिसला. फोटो म्हटलं की शेठचा जीव विरघळतो, हे क्लबात सर्वांना ठाऊक.

मी पुढे होऊन त्यांच्या कानात म्हणालो, शेठ, तुम्ही मशीनवर हात ठेवून उभे राहा, फोटो चांगला येईल, नाव मी वाचतो. यादी माझ्या हातात देऊन ते गेले. मी माइकमध्ये वाचलं, "हंसा महादू. नवरा दर्यात आहे."

बायकांनी एकदम टाळ्या वाजवल्या. हंसा आली, मशीनला हात लावून नमस्कार केला. फोटोत शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. मला त्याचं काही वाटलं नाही. आपण आज एक बरं काम केलं, असं वाटून मी पहिल्यांदाच निवांत श्वास घेतला.

लोक पांगले. मी खुर्च्या मिटवत होतो तोच नवसीबाई समोर आली. तिला डोळ्यांनी कमी दिसत होतं. माझ्या हातातला कागद तिनं बोटांनी चाचपला.

"भाऊ, आमी दर्यात हाय बोलतो, ते आमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून," ती म्हणाली. "पन आज तुमच्या कागदात बी तसंच निघालं. मंग तो परत कदी येनार, तेवडं वाचून सांगा."

हंसा मशीनच्या चाकावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. कागदावर माझ्याच अक्षरात 'विधवा' लिहिलेलं. मी तो उगीच उलटा केला, सुलटा केला.

"तारीख नाही घातलेली, आजी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मंग विचारून घाला. मी बसते," असं म्हणून ती पहिल्या ओळीत उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर जाऊन बसली.