ओडेसाचं कडवं

“तिथं थांबायचं, मिस्टर टॉलिव्हर. रेकॉर्डवर तिथंच संपतं.”

“हो, मिस नोरा.”

“नुसतं नोरा म्हणा हो!”

“बरं, मिस नोरा.”

वॉल्ट फिस्सकन हसला. “सोड गं. तू म्हातारी झालीस की म्हणतील नुसतं नोरा.”

एझेल टॉलिव्हर हे मिसिसिपीचे काळे गायक; ते गाणं त्यांनी एकोणतीस साली एकदाच रेकॉर्ड केलं होतं. त्या घासलेल्या तबकडीवर पुन्हापुन्हा सुई ठेवत मी आणि वॉल्टनं बॉस्टनच्या खोलीत एकेक सूर उचलला होता. मग सुट्टीत मिसिसिपीत जाऊन त्यांना हुडकून काढलं. गिटार सोडून त्यांना तीस वर्षं झालेली. त्यांचंच गाणं त्यांना आम्ही शिकवलं, विशीतल्या गोऱ्या पोरांनी. आज लोकसंगीताच्या महोत्सवात त्यांच्या दोन्ही अंगांना बसून आम्ही साथ करणार होतो.

“एक कडवं राहिलंय,” ते जरा वेळानं म्हणाले. “तेव्हा तीन मिनिटं झाली नि रेकॉर्ड करणाऱ्या साहेबानं ‘थांब’ म्हणून हात वर केला. तबकडीत मावेना. ओडेसाचं आहे ते, आमच्या लूलाच्या आईचं. पुरात गेली. लूला तेव्हा एवढीशी. आज पुढेच बसणारे ती.”

“लोकांना रेकॉर्ड पाठ आहे,” मी म्हणाले. “जसंच्या तसं तेच ऐकायला आलेत.”

“तेही खरंच.”

मला वाटलं, पटलं त्यांना. गोऱ्या पोरीला ‘नाही’ म्हणायची त्यांना सोय नव्हती, हे तेव्हा कळत नव्हतं, असं मी आता, काही वर्षांनी, माझ्या लेकीला थोपटताना स्वतःला सांगते. कळत होतं.

मंचावर तिसरं कडवं संपलं. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, श्वास भरला, तोंड उघडलं. आणि माझ्या बोटांनी गाणं संपवणारी शेवटची उतरण वाजवली. वॉल्टच्याही. रेकॉर्डबरहुकूम.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी तारांवर तळवा ठेवला.

“झकास वाजवलंत, मिस नोरा.”

निळ्या टोपीतली लूला टाळ्या वाजवत नव्हती. ती अजून ऐकत होती.

माफी मागायला म्हणून मी मंचामागच्या तंबूशी गेले. आतून त्यांचा आवाज येत होता, गिटारीविना, अगदी हलका; शब्द रेकॉर्डवर नसलेले. मी पडदा सारला. लूला गुडघ्यांवर कोपरं टेकून बापाच्या तोंडाकडे बघत होती.

आवाज थांबला. म्हातारा उठला, डोक्यावरची हॅट काढली आणि आपली खुर्ची माझ्यापुढे सरकवली.

“बसा, मिस नोरा.”

मी बसले.