तिसरी तक्रार

इरफानने पत्र्यावर गुडघे टेकले आणि डिशच्या दांड्यावर मागे स्वतःच मारलेली पांढरी रेघ शोधली. रेघ जागच्या जागी होती. म्हणजे डिश केसभरही हललेली नव्हती. त्याने वायरचं टोक सोडवून हातातलं मीटर डिशला लावलं. सिग्नल भरपूर होता. खाली टीव्हीवर मात्र तीन दिवसांपासून एकच ओळ होती, सिग्नल उपलब्ध नाही.

मीटर बाजूला ठेवून तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. पत्रा तापला होता आणि कमरेची जुनी कळ आता पायापर्यंत उतरली होती. या घरची ही तिसरी तक्रार. सप्टेंबरात त्याने दोष पावसाला दिला होता. ऑक्टोबरात पाऊस संपला होता, म्हणून त्याने वायरचे सगळे कनेक्टर बदलून टाकले होते. आता नोव्हेंबरचं कोरडं ऊन होतं आणि सांगण्यासारखं कारणच उरलं नव्हतं.

एकाच घरून तीन महिन्यांत चार तक्रारी आल्या, की कंपनी तो भाग दुसऱ्या मेकॅनिकला देत असे. शेजारच्या वलवणमधल्या बऱ्याच घरांनी डिश काढून इंटरनेटची वायर घेतली होती. हे औंढे आणि भोवतालची चार गावं, एवढंच त्याच्याकडे राहिलं होतं.

"सा... सापडलं का?" खालून बाजीरावांनी विचारलं.

"बघतोय, आबा."

बाजीराव काठीवर भार टाकून अंगणात उभे होते. तीस वर्षं ते रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होते. गाडी दिसली की रुळांवरच्या माणसांना सावध करणारी आरोळी त्यांची असायची, आणि गावातही त्यांचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू जायचा. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि ते बोलायचेच थांबले. सप्टेंबरात इरफान आला तेव्हा त्यांनी काठीनेच टीव्ही दाखवला होता. आज मात्र ते गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते आणि इरफानची मोटारसायकल थांबायच्या आत म्हणाले होते, "तीन... दीस झालं. कुटं... व्हतास?"

इरफान शिडीवरून उतरला आणि वायरच्या मागोमाग घराच्या पाठीमागे गेला. तिथे मोरीच्या खिडकीवर वायर कमी पडली होती, म्हणून त्याने जोड देऊन वर काळी टेप गुंडाळली होती. खाली दगडापाशी बाजीरावांची बायको हिराबाई भांडी घासत होती. इरफानने हात उंच करून जोड चाचपला आणि थबकला. टेपवर निळा दोरा गुंडाळून बारीक गाठ मारलेली होती. ब्लाउजला हातशिलाई घालतात तसला दोरा.

त्याने दोरा सोडला, टेप उलगडली. आत वायरची दोन टोकं शेजारी शेजारी नुसती ठेवलेली होती. जोडाचे आटे सुटले होते. सात-आठ वेढे फिरवल्याशिवाय ते सुटत नाहीत.

"मावशी, हे कुणी उघडलं?"

"उंदीर आसंल."

"उंदीर दोऱ्यानं गाठ मारतो?"

हिराबाईने पातेलं विसळून पालथं घातलं. अंगणाच्या बाजूला एकदा पाहिलं.

"मीच काडलं," ती हळू आवाजात म्हणाली.

इरफान मोरीच्या कट्ट्यावर बसला. ओरडावं असं मनात आलं होतं, पण तेवढा जोर अंगात नव्हता.

"मावशी, अजून एक तक्रार गेली तर हा भाग माझ्याकडून जाईल. गंमत आहे का ही?"

"गंमत कशाची रं." तिने ओले हात पदराला पुसले. "टीवी चालू आसला का दिसभर त्याच्या म्होरं बसत्यात. ना व्हय, ना न्हाई. डाक्टर म्हनला, बोलतं ठेवा. कुनाशी बोलत्याल? पोराचा चाकणवरनं फोन आला का माज्या हातात देत्यात. आन् पावसात टीवी बंद पडला, तवा मी काय बी केलं न्हवतं बरं का, तवा ह्यांनी सवता फोन लावला कंपनीला. नुसतंच घुमलं. तिकडं फोन घेनाऱ्या बाईनं दोनदा फोन ठिवला. तिसऱ्यांदा 'बाजीराव' म्हनलं. सा म्हैन्यांत पयला शबुद."

इरफान उलगडलेली टेप बोटाभोवती गुंडाळत ऐकत होता.

"दुसऱ्या टायमाला गावाचं नाव बी सांगितलं. परवा तालुका सांगितला, पिनकोड सांगितला. माज्याच्यानं बसवंना, मी बाहीर जाऊन हुबी ऱ्हायले."

"मग थेट मला लावायला सांगा ना फोन. माझा नंबर आहे त्यांच्याकडं. मी येऊन बसतो, गप्पा मारतो. कंपनीत कळायचंही नाही."

हिराबाईने मान हलवली.

"तू वळखीचा. तुला नुसतं 'टी' म्हनलं तरी तू गाडी काडशील. त्या बाईला काय बी म्हाईत न्हाई. तिला समदं सांगावं लागतं."

दूर एक्स्प्रेसवेवर ट्रक चढ चढत होते. हिराबाईच्या बोटांची पेरं सुजलेली होती. अंगठ्यापाशी एक ताजी खरचट होती.

"कशानं उघडता?"

"पकडीनं. लय येळ लागतो."

त्याने वायरची टोकं जोडली आणि आटे हातानेच फिरवले. पाना पिशवीतच राहिला. वर नवी टेप गुंडाळली, सैलसर. शेवटी टेपचं टोक बोटभर दुमडलं, ओढायला सापडेल असं. हिराबाई बघत होती. त्याने दोरा तिच्या हातात दिला आणि तो घरात गेला.

चित्र आलं होतं. बाजीराव खाटेवर बसले होते, पण टीव्हीकडे पाहत नव्हते.

"काय... झालतं?"

"जोड ढिला होता, आबा. माझंच काम कच्चं राहिलं."

बाजीरावांनी काठी जमिनीवर आपटली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"आमच्या... गँगमदी... नट ढिला... ठिवला... तर गाडी... पडती. मान्सं... मरत्यात. कळलं... का?"

कपाळावर घाम आला होता. मागच्या बाजूला भांड्यांचा आवाज थांबला होता. इरफान हातात पिशवी घेऊन, मान खाली घालून उभा राहिला. बाजीरावांना अजून बोलायचं होतं. रुळावर नट कसा तपासतात, कुणाची पाळी असते, चूक झाली की साहेब काय म्हणतो. एकेक शब्द यायला वेळ लागत होता. पुढच्या तक्रारीसाठी इरफानला पवनानगरला पोचायचं होतं. तो तसाच उभा राहिला.

गावाबाहेर येऊन त्याने गाडीला किक मारली तेवढ्यात सुपरवायझर सुहासचा फोन आला.

"औंढ्याचं काय झालं?"

"चालू झालं, साहेब."

"कारण काय लिहू?"

"माझी चूक लिहा. जोड नीट बसवला नव्हता."



"इरफान, तू काय काल कामाला लागलास का? चौथी आली तर माझ्या हातात काही राहणार नाही. आता नाही ना येणार?"

"येईल, साहेब. दहा-बारा दिवसांत येईल."

"म्हणजे?"

इरफानने गाडी बंद केली.

"फोन घेणाऱ्या बाईंना तेवढं सांगता आलं तर सांगा," तो म्हणाला. "फोन ठेवू नका म्हणावं. माणूस सावकाश बोलतो."