आठ फुटांची तुळई

तुळई विहिरीच्या काठांवर टेकेचना. एक टोक चिऱ्यावर चढवलं की दुसरं निसटे. शेवटी दुसरं टोक धरलेल्या गडी शिवाचा हात सुटला आणि फणसाचं ते पिवळंधमक लाकूड धाडकन खाली पाण्यात गेलं.

"घ्या! दहावीचं गणित बुडालं," भिकाजी सुतार म्हणाला, आणि जमलेली माणसं खो खो हसली.

त्याची लेक सगुणा शेजारीच उभी होती. दहावीला गणितात शाळेत पहिली आलेली. महिन्यापूर्वी, विहिरीचं बांधकाम वर यायच्या आधी, बापानेच तिला विचारलं होतं. विहीर दहा फूट रुंद, रहाटाची तुळई मध्यापासून तीन फूट बाजूला, तर तिथे आरपार अंतर किती? बरोबर सांगितलंस तर रत्नागिरीच्या कॉलेजचा फॉर्म भरतो. तिने कोळशाने ओट्यावर वर्तुळ काढलं. त्रिज्या पाच, लंब तीन, अर्धी जीवा चार. आरपार आठ. "आठ," बाप म्हणाला, आणि तुळई मोजून आठ फुटांवर कापली.

लाकूड टेकायला दोन्हीकडे चिऱ्यावर जागा लागते, हे पुस्तकात नव्हतं. पण तीस वर्षं विहिरींवर तुळया बसवणाऱ्या माणसाला ते कोणी सांगायचं?

"बाबा, तुम्ही मोकळं अंतर विचारलं होतंत."

"आता कशाला त्या गजाली? कॉलेजचं खूळ सोड गो. रविवारी मुरुडचे पाहुणे येतायत तुला बघायला." मग तो विहिरीच्या मालकाकडे वळला. "दुसरी तुळई उद्या आणतो, नाना."

उद्या! फणस तोडून, कापून, तासून, एका दिवसात?

घरी आल्यावर सगुणा करवत आणि टेप ठेवायला मागल्या पडवीत गेली. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी लांबलचक होतं. तिने गोणपाट ओढलं. फणसाचीच तुळई. रंधा मारलेली, टोकांना डांबर लावलेलं. तिने बोट लावून पाहिलं. डांबर केव्हाच वाळलं होतं.

दोन्ही टोकांपासून वीतभर आत पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यांच्यामधलं अंतर तिने मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. आठ फूट.

पाठीमागे पावलं वाजली. भिकाजी दारात उभा होता. त्याने तुळईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या टेपकडे पाहिलं.

"तुझं माप बरोबरच होतं," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "आण ती टेप इकडे."