अकोल्याहून आलेला फोन

जानराव एकदा शहाणे झाले की सगळ्या मोहल्ल्याला शहाणं करून सोडत. एआयवाले चोर कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळतात, हे त्यांना अकोल्यात नोकरीला असलेल्या मुलाने, अश्विनने समजावलं होतं. "बाबा, माया आवाजात कोनी पैसे मांगले तं फोन तोडा, आन् मंग घरच्याइले लावून खात्री करा." झालं! अमरावतीच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की जानराव भेटेल त्याला हेच ऐकवत. वर स्वतःची भर घालत, "आमच्या घरी फोनवर पयले जयभीम, मंग बाकीचं. नकली पोराले हे काय ठाऊक!"

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. अश्विन रडकुंडीला आला होता. "बाबा, वच्छला आत्याले अटॅक आला, दवाखान्यात आनलं. माया मोबाईल बंद पडला, हा दुसऱ्याचा हाय. याच्यावर पैसे टाका आन् लवकर निघा. आत्या तुमचंच नाव घेऊन राहिली."

ना जयभीम, ना काही. वर पैसे! जानरावांना चेवच चढला.

"कावून बे चोट्ट्या, माया पोराचा आवाज चोरतं? मरू दे तुयी आत्या!"

फोन तोडून त्यांनी नंबर ब्लॉक केला. बायको, चतुराबाई, म्हणाली, "वच्छलाबाईच्या घरी एकडाव लावून तं पाहा."

"तुले काई समजत नाही," म्हणत ते ऐटीत चहा प्यायला बसले. मुलाचं अर्धंच ऐकलं होतं त्यांनी, आणि तेवढ्यावरच मिशीला पीळ देत होते.

संध्याकाळी अश्विनच्याच नंबरवरून फोन आला. आत्या गेली होती.

बसमध्ये जानरावांना स्वतःचीच किळस येत होती. आई गेल्यावर याच बहिणीने दुसऱ्याच्या वावरात निंदण करून त्यांना शिकवलं होतं. एक फोन फिरवला असता तर तिची भेट झाली असती. आता कपाळ बडवून काय उपयोग? निदान आपलं ते बोलणं तिच्या कानी पडलं नसेल, एवढीच आशा ते धरून बसले होते.

दवाखान्याच्या दारातच त्यांनी अश्विनचा हात धरला. "मी जे मनलो, ते... तिनं आयकलं तं नाही ना बाबू?"

अश्विनने मान वर केली नाही.

"फोन स्पीकरवर होता बाबा. तुमचा आवाज आयकूनच तिनं डोये उघडले होते."